कौसाबाईच्या कोंबड्या आणि तळ्यावरची साय

"डाक्टर, आता अजून किती चिरता? मानमोडीच हाये ते. ह्या पांढऱ्या सायबिनींनं आणली गावात."

भगवंतराव पाटील माझ्या डोक्याशी उभे राहून बोलत होते. पाटील म्हणजे गावचे सरपंचही तेच. मी कडुनिंबाखाली पोतं अंथरून उकिडवा बसलो होतो आणि मेलेली कोंबडी चिरत होतो. वैशाखातलं ऊन. भोवती निम्मं गाव जमलेलं. कोंबडीचे पाय धरून समोर कौसाबाई बसली होती. कोंबड्या तिच्याच, अंगण तिच्या भावाचं. ती माझ्या हाताकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती.

"पाटील, जरा उजेड सोडा," मी म्हणालो. "सावलीत उभे राहा. मले दिसू तरी द्या."

मी तेव्हा मेहकरकडच्या एका गुरांच्या दवाखान्यात पशुवैद्य होतो. मूळचा जळगाव जामोदकडचा, घाटाखालचा माणूस. नोकरीनं घाटावर आणून टाकलेला. लोक ढोरडॉक्टर म्हणायचे. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही, ढोरं माणसांपेक्षा बरी ऐकतात. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, पंचायत समित्या कोऱ्या करकरीत होत्या, आणि योजनांचा नुसता पाऊस चालला होता. त्यातलीच एक कोंबडीपालनाची. गावठी कोंबडी अंडी कमी देते म्हणून परदेशी जातीच्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या गरजू बायांना वाटायच्या. गावानं त्यांचं नाव सायबीन ठेवलं. गावाचं नाव मात्र मी इथं सांगत नाही. बीबीच्या बाजारापासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर आहे, आणि तिथली माणसं मला ओळखतात.

कौसाबाई गरजू होती यात वादच नव्हता. नवऱ्यानं टाकलेली. माहेरी भावाकडे राहायची. भाऊ नामदेव मनानं चांगला, पण भावजयीपुढं त्याचं काही चालायचं नाही. भावजय म्हणायची, खाणारं तोंड आहे. मग या कोंबड्या आल्या आणि घरात रोज अंडी दिसायला लागली. अंडी बाजारात गेली, थोडी लेकरांच्या ताटात पडली. त्यानंतर भावजयीचं तोंड बंद झालं. कौसाबाईला अंगणात स्वतःची चूल मांडता आली. एवढं सगळं त्या पांढऱ्या पक्ष्यांच्या जिवावर.

म्हणून त्या दिवशी ती हळूच म्हणाली, "डाक्टरसाहेब, ह्या गेल्या तं मले बी जा लागते हो. भाऊ नाई म्हननार नाई, पन ठेवनार बी नाई."

मानमोडी म्हणजे आमच्या भाषेत राणीखेत. कोंबड्यांचा सगळ्यात वाईट रोग. पक्षी मान वाकडी करतो, गरगर फिरतो, हिरवं हगतो आणि मरतो. एका खुराड्यातून दुसऱ्यात वाऱ्यासारखा पसरतो. पण या कोंबड्यांना मी स्वतः लस टोचली होती. लस टोचूनही रोग होऊ शकतो, नाही असं नाही. म्हणून पोट फाडून बघायचं असतं. राणीखेतमध्ये जठराच्या आतल्या अस्तरावर रक्ताचे लाल ठिपके दिसतात. मी अस्तर उलटं केलं. ठिपके नव्हते. दुसरी कोंबडी फाडली, तिलाही नव्हते.

कलेजी मात्र बघवत नव्हती. कोंबडीची कलेजी तपकिरी असते, घट्ट असते. ही फुगून दुप्पट झालेली, काळीनिळी. बोट लावलं तर चिखलासारखी सुटत होती. आत नुसतं रक्त साचलेलं. असं एकाच कारणानं होतं: विष. आणि मेलेल्या प्रत्येक कोंबडीच्या चोचीला, पायाच्या नखांना हिरवा रंग लागून वाळला होता.

"कोंबड्या पानी कुठं पितात?" मी विचारलं.

"तयावर जातात," कौसाबाई घरामागच्या तळ्याकडे बोट करत म्हणाली. "मांगंच तं हाये."

इतक्यात नामदेव गर्दीतून पुढं आला. त्याचा चेहरा उतरलेला. "डाक्टर, सांगू का नोको अशी गोष्ट हाये. आमचा मोत्या बी मेला सकायी. कोंबड्याइच्या गडबडीत कोनाले सांगतलं नाई. ओकला, मागचे पाय गेले, अन् पडला."

"कुत्रा? आन बाप्पा इकडे आधी!"

मोत्या आणला. चांगला धिप्पाड कुत्रा. मी त्याचंही पोट फाडलं तेव्हा बाया उठून गेल्या, आणि एक म्हातारी जाता जाता मला शिव्या घालून गेली. कुत्र्याची कलेजीही तशीच होती. काळी, फुगलेली, बोटानं सुटणारी. मिशांना हिरवा रंग.

मी पाटलांना जवळ बोलावलं. "हे पाहा. ही कोंबडीची, ही कुत्र्याची. सारखी हाये की नाई?"

"हाव."

"मानमोडी कुत्र्याले होते का? कधी आयकलं?"

पाटलांनी दोन्ही कलेज्या पुन्हा निरखून पाहिल्या. माणूस हुशार होता, उगीच वाद घालणारा नव्हता. म्हणाले, "मंग?"

"मंग तळ्यावर चाला."

तळं गावाच्या मधोमध नाही, एका अंगाला होतं. पण गावाच्या शिवेच्या आतच. उन्हाळ्यानं आटून निम्मं झालेलं. कडेनं बेशरमाची झुडपं माजली होती. ही झुडपं विदर्भात कुणाला सांगायला नको, जांभळ्या फुलांची, तोडली तरी पुन्हा उगवणारी. पाटलांनी लगेच तिकडे बोट केलं. "हे जहरी असते म्हनतात."

असतं. बकरी ते झुडूप खायला लागली की तिला त्याची चटक लागते, आणि ती महिना-दीड महिना झुरून मरते. पण कोंबडी ते खात नाही, कुत्रा तर नाहीच. शिवाय बेशरम इतक्या घाईनं मारत नाही. मी झुडपं बाजूला सारून पाण्याजवळ गेलो.

नामदेवच्या घरामागचा कोपरा हिरवागार झाला होता. दाट, गुळगुळीत, दुधावरच्या सायीसारखा थर. कुणी रंगाचा डबा ओतावा तसा. वास असा की नाकाला पदर लावावा. आणि समोरचा काठ? तिथं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होतं. तिकडे बाया धुणं धूत होत्या.

आता ही साय काय असते ते सांगतो. पाणी थांबलं, आटलं, तापलं आणि त्यात शेणमूत साचलं की एक बारीक शेवाळ माजतं. इतकं बारीक की एकेक कण डोळ्यांना दिसत नाही, सगळे मिळून हिरवा थर दिसतो. आपलं नेहमीचं लांब केसांसारखं शेवाळ निराळं, ते बिचारं निरुपद्रवी. या बारीक जातीतलं काही शेवाळ विषारी निघतं. कॉलेजात आम्हाला यावर एवढासा उतारा होता, आणि परीक्षेत कधी यायचा नाही म्हणून अर्धा वर्ग तो सोडून द्यायचा. हा थर पाण्यावर तरंगतो. वारा जिकडे लोटेल तिकडे जाऊन काठाला दाटतो. त्या दिवसांत पश्चिमेचा वारा होता, म्हणून सगळी साय नामदेवच्या अंगाला येऊन साचली होती. तिथं जो तोंड घालेल तो मरणार. कौसाबाईच्या कोंबड्या परदेशी म्हणून नाही मेल्या. त्या पूर्वेच्या काठाला राहत होत्या म्हणून मेल्या.

हे सगळं मी तिथंच काठावर उभं राहून लोकांना सांगितलं. सोप्या भाषेत, दोनदा. लोकांनी ऐकलं. मग एक जण म्हणाला, "पन डाक्टर, तयं तं आमच्या आज्याच्या येळचं हाये. तवा काऊन नाई मेल्या?"

मी पाटलांकडे वळलो.

स्पष्ट सांगितलं, "तळं भरून वाहेपर्यंत एकही जनावर त्या पाण्याले लावू नका. ढोरं नदीच्या डोहावर जातात ना? जाऊ द्या तशीच. कोंबड्या कोंडा. कुत्रे बांधा. वारा फिरला तं ही साय तिकडच्या काठाले जाईन, मंग तिकडे मरतीन."

"बराबर हाये," पाटील म्हणाले. त्यांच्या 'बराबर हाये'चा अर्थ 'ऐकून घेतलं' एवढाच होता, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

नामदेवनं आणि मी त्या कोपऱ्याला बोरीच्या काट्या लावल्या. कौसाबाईला मी सांगितलं, "बाई, उरलेल्या कोंबड्या खुराड्याबाहेर काढायच्या नाहीत. काही झालं तरी. विहिरीचं पाणी मातीच्या परळात ठेवायचं, फक्त विहिरीचं. खुराड्यात दाणा टाकायचा."

"विहिरीले पानी कमी हाये, साहेब. मानसाईलेच पुरत नाई."

"कोंबडी किती पिते? तुमच्या वाट्याचं द्या."

"देतो," ती म्हणाली. तिकडे बाया बोलतानाही 'देतो' म्हणतात. आणि तिनं दिलं. नामदेवनं मला नंतर सांगितलं, ती स्वतः ताकावर दिवस काढायची आणि तिच्या वाट्याचा तांब्या खुराड्यात जायचा.

मी बाटलीत पाण्याचा नमुना भरला, कलेजीचे तुकडे भरले आणि तडक पंचायत समितीत गेलो. बीडीओ साहेब पंख्याखाली बसले होते. पंखा बंद होता.

"सर, तळ्यात मोरचूद टाकावं लागेल. शेवाळ मरेल. पण त्यानंतरही पाणी काही दिवस वापरता येणार नाही, म्हणून आधी टँकर लागेल, गुरांसाठी."

"डॉक्टर, तळं कोणाच्या खात्यात येतं?"

"मला काय माहीत? विष माझ्या खात्यात येतं."

"तसं नाही. पाणी म्हटलं की बांधकामवाले. टँकर म्हटलं की तहसील. तुम्ही कोंबड्यांपुरतं बोला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि योजनेच्या कोंबड्या मेल्या असं जोरजोरात सांगत फिरू नका. वरून पाहुणे येणार आहेत."

"सर, उद्या बैल मरतील."

"मेले की या."

असं म्हणाले. शब्द माझ्या पदरचे नाहीत. मी उठलो आणि खुर्ची जरा जास्तच जोरात सरकवली, एवढाच माझा पराक्रम. नमुना पुढं पाठवला. तो वाटेत सडला, आणि सडल्यामुळे तपासता आला नाही असं कळलं. उन्हाळ्यात कलेजी सडते हे कळायला प्रयोगशाळा कशाला पाहिजे!

वारा फिरला. साय समोरच्या काठाला गेली. तिकडची आळी पाटलांची. तिथल्या गावठी कोंबड्या पटापट मेल्या, पाठोपाठ दोन कुत्री आणि एक मांजर. मी म्हटलं होतं तसंच, अगदी शब्दाला शब्द. मला वाटलं, आता तरी पटेल. मी किती खुळा होतो बघा. मला वाटायचं, आधी सांगितलेलं खरं ठरलं की लोक सांगणाऱ्याचं ऐकतात.

गावानं वेगळा हिशेब केला. आधी कौसाबाईच्या सायबिनी मेल्या, मग तिथून रोग सरकत सरकत पाटलांच्या आळीत आला. ढोरडॉक्टरनं तिच्या अंगणात मुडदे फाडले, तिथून तो उधळला. म्हणजे रोगच आहे. आणि रोगावर गावाचा उपाय ठरलेला होता.

एका संध्याकाळी नामदेव सायकल मारत दवाखान्यात आला. घामानं निथळत होता. "साहेब, उद्या गाव बांधून राह्यले."

गाव बांधणं काय असतं ते घाटाखाली मी लहानपणी पाहिलं होतं. गावात रोगराई शिरली की जाणती माणसं शिवेवरून फेरा काढतात, मरीमायची पूजा होते, गावात येणाऱ्या वाटांवर कडुनिंबाच्या डहाळ्यांची तोरणं बांधतात. तोरण उतरेपर्यंत गावातलं कुणी शिवेबाहेर जायचं नाही आणि बाहेरचं कुणी आत यायचं नाही. माणूस नाही, ढोर नाही. खरं सांगायचं तर साथीच्या रोगात हा उपाय मुळीच वाईट नाही. आमची पुस्तकंही तेच सांगतात, फक्त तोरणाऐवजी त्याला क्वारंटाइन म्हणतात. खरोखर मानमोडी असती किंवा गुरांची बुळकांडी असती, तर मी स्वतः तोरणाला हात लावला असता.

पण शीव बांधली म्हणजे नदी बाहेर राहिली.

"नामदेव, ढोरं पानी कुठं पितीन?"

"तेच तं सांगाले आलो. तयावर. विहिरीत मानसाईपुरतं बी नाई. पाटलाले मी म्हनलो तं मलेच म्हने, तुही बहीन गप्प बसव आधी."

सगळ्या गावची गुरं. सगळ्या बैलजोड्या. पेरणी तोंडावर आलेली.

मी पहाट होताच छत्री आणि औषधाची पेटी घेऊन निघालो. ऊन चढायच्या आत शिवेवर पोचलो, पण तोरण त्याआधीच चढलं होतं. वाटेवर दोन बांबू, मधे दोरी, दोरीला निंबाच्या डहाळ्या. पलीकडे पाच-सहा माणसं काठ्या घेऊन उभी, आणि पुढं भगवंतराव पाटील. अंगावर नवं धोतर, कपाळाला हळद. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं त्यांच्या. चेहऱ्यावरून दिसत होतं.

"डाक्टर, तिथंच थांबा. गाव बांधलं हाये."

"पाटील, बांधा. मी आत येत नाई. फक्त ढोरं तळ्यावर नका नेऊ. नदीले एक वाट सोडा."

"वाट सोडली तं बांधलं कायले मंग?"

"विहिरीचं पाजा. थोडं थोडं पाजा. टँकरसाठी मी जिल्ह्याले जातो, हात जोडतो."

"तुमी जाऊन आले ना समितीत? काय म्हनले?"

त्यांना सगळं माहीत होतं.

"डाक्टर, तुमी बी चांगले हा, तुमचं शिक्षन बी चांगलं हाये. पन माह्या दारात नातीनं पायलेलं मांजर मेलं. पोरगी जेवत नाई. गाव मले म्हनते, तू सरपंच हायेस, काई कर. मी काय करू? शेवाय पाहत बसू?"

त्यांच्या खांद्यावरून मला तळं दिसत होतं. समोरच्या काठाला हिरवा पट्टा चमकत होता, आणि गल्लीतून गुरं निघाली होती. गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. आदल्या दिवसापासून गुरं बांधून ठेवलेली, तहानलेली. पाणी दिसल्याबरोबर ती पळायला लागली.

मी दोरीखालून आत शिरलो.

मागून कुणीतरी ओरडलं, "अबे धरा त्याले!" पण धरलं नाही कुणी. सरकारी माणसाला हात लावायला ती माणसं कचरली असावीत, किंवा बंधन तुटलेलं बघून जागीच थिजली असावीत. मी छत्री उगारून धावलो. तळ्याच्या काठाला जे बैल दिसले त्यांच्या तोंडावर छत्री मारली, शिव्या दिल्या, दगड फेकले. छत्री मोडली. एका गाईनं मला चिखलात लोटलं. तहानलेलं जनावर माणसाला जुमानत नाही. काही गुरं मी वळवली, काही बाया मदतीला आल्या. त्यात कौसाबाई होती. ती पाण्यात कमरेपर्यंत उतरून गुरांना हाकलत होती आणि ओरडत होती, "आरे नोको पिऊ द्या रे! तुमच्या पाया पडतो, नोको पिऊ द्या!"

पण जी आधी पोचली होती ती पोटभर पाणी प्यायली होती. त्यात पाटलांची बैलजोडी होती. चांगल्या घरची गुरं पुढं चालतात.

दुपारपासून ती गळायला लागली. चालताना झोकांड्या, मग गुडघ्यावर, मग आडवी. माझ्या पेटीत जे होतं ते मी दिलं. कोळशाची पूड पाजली, जुलाब दिला, शिरेतून औषध दिलं. या विषावर तेव्हा उतारा नव्हता. मी प्रत्येक गोठ्यात गेलो आणि प्रत्येक गोठ्यात हात हलवत बाहेर आलो. माणसं मला अडवत नव्हती. एका म्हाताऱ्यानं बैलाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो मला एवढंच म्हणाला, "बंधन तोडलं नसतं तं वाचला असता माहा राजा." मला त्याच्या शेजारी बसून रडावंसं वाटलं. मी पेटी उचलून पुढच्या गोठ्यात गेलो.

पाटलांचे दोन्ही बैल गेले. एका मेलेल्या बैलाचं पोट मी फाडून पाहिलं होतं. पाटील ओट्यावर बसले होते. मी बाजूला जाऊन बसलो. सांगायलाच हवं होतं म्हणून सांगितलं, "पाटील, ही कलेजी बी तशीच निघाली. कोंबडीची, कुत्र्याची, बैलाची. रोग नाही हा. पानी हाये. उद्या तरी तळं बंद करा."

त्यांनी मान हलवली. आजूबाजूला कुणी नाही असं बघितलं. "बंद करतो. काट्या लावतो चहूकडून." मग म्हणाले, "तुमचं खरं हाये, डाक्टर. मले समजून राह्यलं."

मी चमकून पाहिलं. "मंग लोकाईले सांगा ना!"

"काय सांगू? पान्यानं मेले म्हनू? पान्यावर ढोरं कोन नेली? गाव कोन बांधलं?" त्यांचा आवाज फाटला. "गावभरातले बैल मी मारले असं होते ते. पेरनीच्या तोंडावर. मले राहू देतीन का लोक? बंधन तुमी तोडलं, सायबिनी तिनं आनल्या. एवढंच गावाले पेलते."

राग होता, पण कुणावर काढणार? समोर बसलेल्या माणसाचा गोठा रिकामा होता.

तळ्याभोवती काट्या लागल्या, तोरण उतरलं, ढोरं पुन्हा नदीवर जायला लागली आणि मरणं थांबलं. गावानं म्हटलं, मरीमाय शांत झाली. माझ्याबद्दल वर तक्रार गेली, मी बंधन मोडून गावाचं नुकसान केलं म्हणून. बीडीओ साहेबांनी मला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला आत जायची काय गरज होती?" माझी बदली झाली. त्याचं मला दुःख नाही, बदल्या होतच असतात.

कौसाबाईचं काय झालं ते सांगतो, कारण हे सगळं तिच्यासाठीच सांगायला बसलो.

तिच्या उरलेल्या कोंबड्या जगल्या. सगळ्याच. मी सांगितलं होतं ते तिनं तंतोतंत पाळलं होतं. खुराडं एकदाही उघडलं नाही, तळ्याचा थेंब आत जाऊ दिला नाही. गावात एकही गावठी कोंबडी उरली नव्हती, पाटलांच्या आळीत तर आरवणंच बंद झालं होतं. आणि रोज सकाळी नामदेवच्या अंगणातून पांढरा कोंबडा बांग द्यायचा. अख्ख्या गावाला ऐकू जायची.

त्या बांगेनंच घात केला. आधी हिच्या मेल्या म्हणून रोग हिनं आणला. आता हिच्याच जगल्या म्हणून करणी हिचीच. लोकांच्या घरात माणसांना पाणी नाही आणि हिच्या कोंबड्या विहिरीचं पाणी पितात. भावजयीनं अंगणातली चूल पायानं मोडली. नामदेव तिथंच उभा होता.

ती दवाखान्यात आली तेव्हा मी सामान बांधत होतो. डोक्यावर पाटी, पाटीवर जाळं, जाळ्याखाली कोंबड्या. तिनं पाटी माझ्या पायरीवर ठेवली.

"घ्या तुमच्या. मले नोको."

"कुठं निघाल्या बाई?"

"पाहीन कुठंतरी." ती उभीच होती. "साहेब, एक इचारू का? रागाऊ नोका."

"विचारा."

"तुमी सांगतलं तसंच केलं ना मी? कुठं चुकलं का माहं?"

"नाही बाई. तुमचं काहीच चुकलं नाही."

"मंग काऊन?"

मी पाटीवरचं जाळं नीट करत राहिलो. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि फाट्याच्या दिशेनं गेली. ती कुठं गेली ते नामदेवलाही पुढं कळलं नाही. कोंबड्या दुसऱ्या एका गावच्या लाभार्थीला वाटल्या गेल्या, आणि योजनेच्या कागदावर त्या चांगल्या अंडी देत राहिल्या.

नोकरीत पुढं बरीच तळी पाहिली, बरीच हिरवी साय पाहिली. नव्यानं लागलेली पोरं विचारायची, साहेब, अशा वेळी आधी काय करायचं? पाणी बंद करा, गुरं दूर न्या, हे पुस्तकातलं मी सांगायचोच. त्याच्यापुढं एक सांगायचो, ते त्यांना कधी आवडलं नाही. गाव ऐकत नसेल आणि एकच घर ऐकत असेल, तर त्या घराची कोंबडी वाचवण्याआधी विचार करा. सगळ्यांच्या मेल्या तर त्या घराला गावात रडायला सोबत तरी मिळते. एकट्याच्या वाचल्या, तर ती माणसं कुठं राहतील, ते आधी ठरवून ठेवा.